वाचकांचे प्रश्न: जुने स्पीकर घ्यावेत की सुताराकडून बॉक्स बांधून घ्यावेत?

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, पण प्रत्येकाची गरज वेगळी असल्याने उत्तरेही वेगळी निघतात. त्यातली पाच पत्रे निवडली आहेत. उत्तरांत ‘स्पीकर’ म्हणजे कोन असलेला मोठा स्पीकर, ‘हॉर्न’ म्हणजे वरच्या सुरांचा भाग, आणि ‘बॉक्स’ म्हणजे लाकडी खोके, असे समजावे.

प्रश्न: आमचे भजनी मंडळ आहे. सभामंडप ४० फूट बाय २५ फूट, वर टिन. रोज सामुदायिक प्रार्थना, गुरुवारी खंजिरी भजन, वर्षातून एक सप्ताह. तालुक्याचे बिछायत केंद्रवाले त्यांची १५ इंची जुनी जोडी विकत आहेत. गावचा सुतार म्हणतो, फक्त स्पीकर आणून द्या, सागवानी फळीत बॉक्स करून देतो. वर्गणी एकदाच जमणार आहे. काय करावे?
— भजनी मंडळाचे सचिव, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: तुमचे काम माणसाच्या आवाजाचे आहे. त्यामुळे चांगल्या कंपनीची १२ इंची टू-वे पॅसिव्ह (मोठा स्पीकर आणि हॉर्न असलेली, पण आत ॲम्प्लिफायर नसलेली) जोडी जुनी मिळत असेल आणि ती उघडून तपासता येत असेल, तर तीच घ्या. तशी जोडी मिळाली नाही तरच बांधण्याकडे वळा. बिछायत केंद्राची १५ इंची जोडी सगळ्यात शेवटी.

कारण असे. अभंगातला शब्द स्पष्ट कळतो तो साधारण १००० ते ४००० हर्ट्झ या पट्ट्यामुळे. टू-वे बॉक्समध्ये नेमक्या याच पट्ट्यात मोठा स्पीकर आपले काम सोडतो आणि हॉर्न ते उचलतो. ही अदलाबदल क्रॉसओव्हर करतो. कंपनीने तो मोजमाप करून त्या स्पीकरला आणि त्या हॉर्नला जुळवलेला असतो. गावात बांधलेल्या बॉक्सचे लाकूडकाम उत्तम होऊ शकते, पण फसते ते इथे. बाजारातला तयार क्रॉसओव्हर लावला की भजन मोठे ऐकू येते आणि शब्द मात्र कळत नाहीत.

१५ इंची स्पीकर बास चांगला देतो, पण टिनाच्या शेडात बास हीच मोठी अडचण असते. टिन थरथरते, आवाज घुमतो, मागच्या बाईला शब्द समजत नाही. शिवाय भाड्याने फिरलेल्या जोडीने वरातींत मर्यादेपलीकडे ओढलेल्या ॲम्प्लिफायरचा फाटका आवाज वर्षानुवर्षे सोसलेला असतो. त्याने कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) भाजते, आणि हॉर्नचा डायफ्राम (आवाज काढणारा पातळ पडदा) बहुधा एकदोनदा तरी बदललेला असतो, तोही मिळेल त्या नगाने.

किती वॅट लागतील याची भीती बाळगू नका. बॉक्सच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ते. ९६ डेसिबलचा बॉक्स ५० वॅटवर एक मीटर अंतरावर ११३ डेसिबल देतो. अंतर दुप्पट झाले की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, १२ मीटरवर, ९१ डेसिबल उरतात. प्रार्थनेला ८० ते ८५ पुरे. ८७ डेसिबलच्या घरगुती स्पीकरकडून हेच काम करून घ्यायचे तर आठपट वॅट लागतील, कारण दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट करावे लागतात. म्हणून ‘हजार वॅट’ लिहिलेल्या चिकटपट्टीला भुलू नका.

जुनी जोडी पाहायला जाताना डिजिटल मल्टीमीटर, दीड व्होल्टचा सेल, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि टोन जनरेटर असलेला मोबाइल बरोबर ठेवा. दुकानातल्या गोंगाटात ऐकून सौदा करू नका.

आधी बंद बॉक्सवरच कोन तपासा. मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून कोन सरळ आत ढकला, चारपाच मिलिमीटर, आणि सोडा. हालचाल गुळगुळीत हवी. वाळू घासल्यासारखी खरखर लागली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. कॉइल भाजून फुगली असेल, फटीत गंज असेल, किंवा बॉक्स पडून चुंबक सरकले असेल. पहिल्या दोन गोष्टी कोन-कॉइल बदलून आणि फट साफ करून निस्तरतात. सरकलेले चुंबक गावपातळीवर नीट बसत नाही. तो स्पीकर सोडा.

मग मीटर. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साडेपाच ते सात ओहम दाखवते, ४ ओहमची तीन ते साडेतीन. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटली आहे, एक ओहमच्या खाली आले तर आतून शॉर्ट आहे आणि ती तुमचा ॲम्प्लिफायरही नेईल. इथे बरेच जण फसतात: मीटर बॉक्सच्या मागच्या टर्मिनलला लावून सहा ओहम आले की सगळे ठीक समजतात. हॉर्नच्या मार्गात कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा डीसी करंट अडवतो. म्हणजे बाहेरून दिसते ते फक्त मोठ्या स्पीकरचे माप. हॉर्न पार मेलेला असला तरी आकडा तोच येईल. म्हणून हॉर्नच्या वायरी काढून त्याच्या पिनांवर वेगळे मोजा.

सेल फक्त मोठ्या स्पीकरला लावायचा, हॉर्नला नाही. सेलचे धन टोक लाल पिनला टेकवले की कोन बाहेर यावा. दोन बॉक्समध्ये एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर कोणीतरी दुरुस्तीत वायरी उलट जोडल्या आहेत. अशी जोडी एकत्र वाजवली की दोघांच्या मधोमध बास गायब होतो आणि लोक स्पीकरला नावे ठेवतात.

शेवटी कमी आवाजात मोबाइलवरून ४० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत टोन चढवा. फडफड, भणभण आली तर टोपी सुटलेली, कडा फाटलेली किंवा बॉक्सचा जोड उघडलेला आहे. मग ३००० हर्ट्झ वाजवून हॉर्न ऐका. चरचर आली तर डायफ्राम गेला. डायफ्राम बदलणे हे वाईट नाही, पण विकत घेण्याआधी त्याच मापाचा डायफ्राम नागपुरात किंवा अमरावतीत आजही मिळतो का हे दुकानात विचारून घ्या. कॉइलचे माप ३४ किंवा ४४ मिमी असे सर्रास चालणारे असेल तर चिंता नाही. एका स्पीकरचा कोन बदलला असेल तर दुसऱ्याचाही त्याच किटने बदललेला असावा, नाहीतर डावा-उजवा आवाज कधीच सारखा येणार नाही.

किमतीबाबत आमचा अंदाज सोपा आहे. तेच मॉडेल आज नवे ज्या भावात मिळते त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि वर्गणीतून एक कोन-कॉइल व एक डायफ्राम बदलण्याइतके पैसे बाजूला ठेवा. आत ॲम्प्लिफायर असलेला ॲक्टिव्ह बॉक्स जुना घेऊ नका. शेतीच्या फीडरवर व्होल्टेज कमीजास्त होते, आतला बोर्ड जातो, आणि तो तालुक्याला दुरुस्त होत नाही. तुमच्या भागात जिनिंगचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकवर बसतात ते वेगळेच. ॲम्प्लिफायर वेगळा ठेवला की तो बिघडला तरी भाड्याचा आणून त्या दिवसाचे भजन होते.

सागवानाबद्दल: तुमच्या सुताराचा हेतू चांगला आहे, पण सलग फळीचा बॉक्स आपल्या हवेत टिकत नाही. मे महिन्याच्या ४५ अंशांत फळी आखडते आणि श्रावणात फुगते. फूटभर रुंदीची फळी सहज दोनतीन मिलिमीटर कमीजास्त होते, जोड उघडतो आणि त्या फटीतून हवा शिट्टी मारते. सागवान दाराला द्या, स्पीकरला प्लाय द्या.

प्रश्न: जुने स्पीकर पाहून झाले, पसंत पडले नाहीत. १२ इंची दोन नवे स्पीकर आणि दोन हॉर्न घेऊन बॉक्स बांधायचे ठरवले आहे. कृपया मापे, प्लाय किती, क्रॉसओव्हरचे भाग आणि सुताराला काय सांगायचे ते सविस्तर द्या.
— एक शिक्षक, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर: आधी स्पीकर, मग बॉक्स. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात. स्पीकर घेताना दुकानदाराकडून त्याचा डेटाशीट मागा आणि तीन आकडे पाहा: एफएस (स्पीकर स्वतः ज्या हर्ट्झला घुमतो तो आकडा), क्यूटीएस (ते घुमणे किती आवरले जाते ते), व्हीएएस (कोनाच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये). पुढची मापे एफएस ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.३५ आणि व्हीएएस ६० लिटरच्या आसपास असलेल्या स्पीकरसाठी आहेत. या आकड्यांवर हिशेबाने बॉक्सच्या आतली जागा ४४ लिटर आणि पाइप लावून बॉक्स ज्या सुराला घुमवायचा तो ५४ हर्ट्झ येतो. क्यूटीएस ०.५ च्या वर असेल तर हा पाइपवाला बॉक्स त्याला नको. आवाज ढपढप येईल. ज्या स्पीकरचा डेटाशीटच नाही तो कितीही स्वस्त असला तरी बांधकामासाठी घेऊ नका.

प्लाय १८ मिमी, आयएस ७१० शिक्का असलेला, म्हणजे पाण्याला टिकणारा. आयएस ३०३ चा कमर्शियल प्लाय घरात चालेल, पण एका पावसाळी मिरवणुकीत कडा सुटतात. एमडीएफ तर नकोच. खालची कड एकदा भिजली की फुगते आणि परत बसत नाही.

आठ बाय चारच्या एका शीटमध्ये जोडी बसते. शीट २४४० बाय १२२० मिमी असते. लांबीच्या दिशेने ३२६ मिमीच्या दोन पट्ट्या आणि ३४० मिमीची एक पट्टी कापून घ्या. पहिल्या ३२६ च्या पट्टीतून ५५६ मिमी लांबीचे चार तुकडे, या बाजू. दुसरीतून ३४० मिमीचे चार, हे वरचे आणि खालचे. ३४० च्या पट्टीतून ५२० मिमीचे चार, हे पुढचे आणि मागचे. करवतीची जाडी धरूनही सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास रुंदीची एक लांब पट्टी उरते, ती आतल्या आधारांना वापरा. कापकाम शहरातल्या पॅनेल करवतीवर करून घ्या. हातकरवतीने काटकोन दोन मिलिमीटर जरी सरकला तरी जोड हवाबंद होत नाही.

पुढची आणि मागची फळी चौकटीच्या आत बसते. आतले माप ३४० बाय ५२० बाय २९० मिमी येते, म्हणजे ५१ लिटर. स्पीकर, हॉर्न, पाइप आणि आधारांची जागा वजा जाता ४५ लिटर उरतात.

पुढच्या फळीत मोठ्या स्पीकरचा मध्य खालच्या कडेपासून २३५ मिमीवर, आडवा मधोमध. भोक साधारण २८२ मिमी, पण स्पीकर हातात आल्यावर मोजूनच पाडा. कंपनीगणिक दोनचार मिलिमीटरचा फरक असतो. हॉर्न वर, त्याच्यासाठी १३० मिमी उंची राहते, म्हणून ११५ मिमीपेक्षा उंच फ्लेअर (हॉर्नचे पसरट तोंड) घेऊ नका. खालच्या दोन कोपऱ्यांत पाइपांची भोके, मध्य दोन्ही कडांपासून ६० मिमीवर. पाइप म्हणजे ७५ मिमीचा साधा पीव्हीसी पाइप, १२ सेंटीमीटर लांबीचे दोन तुकडे. एवढ्याने बॉक्स ५५ हर्ट्झला लागतो. पाइप लांब ठेवला तर हा आकडा खाली जातो, आखूड केला तर वर. पाइपाच्या आतल्या तोंडाला साधारण सहा मिलिमीटर छिद्राची जाळी लावा. आपल्याकडे उंदीर आणि पाली पहिल्याच महिन्यात आत जातात, आणि कागदाचा कोन उंदराला फार आवडतो. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका. हवा अडते आणि सूंसूं आवाज येतो.

जोडणीत सुताराला चार गोष्टी आवर्जून सांगा. आतल्या सर्व कडांना २० बाय २० मिमीची पट्टी लावा. फेविकॉल पाण्याला टिकणारा वापरा आणि तो कडेच्या पूर्ण लांबीवर पसरवा, ठिपके देऊ नका. स्क्रू ३८ मिमीचा, दर १५ सेंटीमीटरला, आणि प्रत्येक स्क्रूआधी ३ मिमीचे भोक, नाहीतर प्लायची कड फाटते. पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये ६० मिमी रुंदीचा एक उभा आधार द्या. बोटाच्या पेराने ठोकल्यावर ठक्क आवाज आला की काम झाले. पोकळ ढब्ब आला तर आणखी एक आधार हवा. बाकी सुताराला सुतारकाम शिकवायला जाऊ नका.

सगळे वाळल्यावर आतले कोपरे फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाच्या लगद्याने भरून काढा. आत वरच्या, मागच्या आणि एका बाजूच्या फळीला सोफा बनवणाऱ्यांकडचे पॉलिफिल, इंचभर जाडीचे, चिकटवा. पाइपासमोर जागा मोकळी ठेवा. गादीची रुई वापरू नका, ती ओल धरून खाली बसते. थर्माकोल आवाज शोषत नाही, त्याचा उपयोग शून्य.

स्पीकर लाकडी स्क्रूवर बसवू नका. तीनचारदा काढला-घातला की स्क्रूची भोके मोठी होतात. मागून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातवाले नट) ठोका आणि पुढून ६ मिमीचे आठ बोल्ट लावा. फ्रेमखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी. बोल्ट समोरासमोरचे घट्ट करत जा, एका बाजूने आवळत गेलात तर फ्रेम पिळते आणि चांगली कॉइलही घासू लागते.

क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला घ्या, दोन्ही बाजू ८ ओहम धरून. मोठ्या स्पीकरच्या मार्गात ०.७२ मिलिहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये आणि स्पीकरला समांतर ५.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हॉर्नला उलट: ५.६ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, ०.७२ मिलिहेन्री समांतर. कपॅसिटर फिल्मचा, किमान १०० व्होल्टचा, धन-ऋण नसलेला. पंख्याचा कपॅसिटर अडीच किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा मिळतो. दोन समांतर जोडून आकडा जुळवता येतो आणि तो चालतोही, फक्त आकाराने मोठा. कॉइल जाड तांब्याच्या तारेची, लोखंडी गाभा नसलेली, आणि दोन कॉइली एकमेकींना काटकोनात ठेवा.

हॉर्न मोठ्या स्पीकरपेक्षा आठनऊ डेसिबल जोरात असतो. तो तसाच सोडला तर झांज कानात टोचते आणि हार्मोनियम किंचाळते. म्हणून क्रॉसओव्हरनंतर हॉर्नकडे जाताना ४.७ ओहमचा रोध सिरीजमध्ये आणि हॉर्नला समांतर ५.६ ओहमचा, दोन्ही २० वॅटचे सिमेंटचे. याने जवळपास ८ डेसिबल कमी होतात आणि क्रॉसओव्हरला दिसणारा रोध ८ ओहमच राहतो. हे रोध गरम होतात, पॉलिफिलपासून लांब लावा.

या प्रकारच्या क्रॉसओव्हरमध्ये हॉर्नच्या वायरी बहुधा उलट जोडाव्या लागतात. ठरवायची पद्धत: एकाच बॉक्ससमोर तीन मीटरवर, हॉर्नच्या उंचीला कान ठेवून बसा. मोबाइलवरून २५०० हर्ट्झच्या आसपासचा टोन लावा आणि कोणालातरी हॉर्नच्या वायरी सुलट-उलट करायला सांगा. ज्या जोडणीत टोन मोठा ऐकू येतो ती बरोबर. दुसऱ्या बॉक्सलाही तीच.

हवा कुठून गळते हे बघायला ५० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक जोडावरून हळू फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथे गळती. टर्मिनलची प्लेट आणि हॉर्नची कड या दोन जागा नेहमी सापडतात.

पाइपवाल्या बॉक्सला ५० हर्ट्झच्या खालचा बास देऊ नका. त्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकळा नाचून फाटतो. मिक्सरवर लो-कट (खालचा बास कापणारे बटण) असेल तर कायम चालू ठेवा.

प्रश्न: नागपूरहून नव्वदच्या दशकातली घरगुती स्पीकरची जोडी स्वस्तात आणली. कोनाभोवतीची स्पंजची कड हात लावताच चिकट होऊन गळाली. फसलो का?
— वाचक, काटोल

उत्तर: फसला नाहीत. ती कड पॉलियुरेथेन फोमची असते आणि हवेतला दमटपणा व उजेड यांनी दहापंधरा वर्षांत विरघळते. वाजवली नाही, खोक्यात ठेवली तरी हेच होते. कोन आणि कॉइल शाबूत असतील तर नवी कड बसवणे हे काम घरी होते. तोवर मात्र अजिबात वाजवू नका. आधार नसलेला कोन तिरका होऊन कॉइल घासतो.

कडेचे बाहेरचे आणि आतले माप दोन्ही घेऊन कड मागवा, नुसते ‘आठ इंची’ म्हणून नको. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढा. आधी कोनाला चिकटवा, दुसऱ्या दिवशी फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू लावून ठेवा आणि घासल्याचा आवाज येणार नाही अशा जागी कड स्थिर करा. पर्याय असेल तर रबरी कडेची घ्या, आवाज किंचित जड होतो पण टिकते.

उघडलेच आहे तर क्रॉसओव्हरमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला, आकडा तोच ठेवून. आणि बॉक्सचा तळ बघा. फरशी पुसताना पाणी लागून एमडीएफ फुगले असेल तर खाली रबराचे पाय लावा. दिवाणखान्यात ऐकण्यासाठी नवी जोडी बांधण्यापेक्षा ही दुरुस्ती केव्हाही बरी.

प्रश्न: देवळातल्या ॲम्प्लिफायरपासून १०० मीटरवर ग्रामपंचायतीजवळ एक भोंगा लावायचा आहे. जुना मिळतो आहे. साधी वायर ओढली तर चालेल का?
— वाचक, दिग्रस

उत्तर: ८ ओहमच्या जोडणीवर चालणार नाही. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. जाऊन-येऊन २०० मीटरला २.४ ओहम झाले. ८ ओहमच्या भोंग्याला मिळायला हवी त्यातली जेमतेम ६० टक्के शक्ती मिळेल. म्हणून १०० व्होल्ट लाइन वापरा, म्हणजे जास्त व्होल्टेज आणि कमी करंटवर आवाज पाठवणारी जोडणी. आहुजासारख्या पीए ॲम्प्लिफायरच्या मागे १०० व्होल्टचे टर्मिनल असते, आणि भोंग्याच्या युनिटला लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो. या ट्रान्सफॉर्मरचा ३० वॅटचा टॅप (जोडणीचे टोक) १०० व्होल्टला ३३३ ओहम दिसतो, त्यापुढे वायरीचे २.४ ओहम म्हणजे काहीच नाही. सगळ्या टॅपांची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटच्या ८० टक्क्यांत ठेवा. ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा भोंगा चुकूनही या टर्मिनलला जोडू नका, तत्क्षणी जळतो.

भोंगा हा एकच प्रकार आम्ही बिनधास्त जुना घ्या म्हणून सांगतो. ॲल्युमिनियमच्या तोंडाला पोचे असले तरी बिघडत नाही. युनिट फिरवून काढा आणि गळ्यात टॉर्च मारा. कुंभारीण माशीचे मातीचे घर हमखास सापडते. ते काढून डायफ्राम मोजा, गेला असेल तर नवा मिळतो. तोंड किंचित खाली झुकवून लावा म्हणजे पाणी साचत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. शाळा, दवाखाना, न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ग्रामपंचायतीशेजारी शाळा असेल तर जागाच बदला.

प्रश्न: आमच्या नाट्यमंडळाकडे १५ इंचीचे चार जुने बॉक्स पडून आहेत, आतले स्पीकर जळाले. दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. बॉक्स तेच ठेवून नवे स्पीकर टाकावेत का?
— वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर: बॉक्स शाबूत असतील तर जरूर टाका. तुमच्यासाठी हा मधला मार्ग सगळ्यात स्वस्त पडेल. एक बॉक्स मोकळा करून आतली लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकाराला १००० ने भागा. आले ते लिटर. त्यातून स्पीकर आणि आधारांचे सहासात लिटर वजा करा. मग व्हीएएस आणि क्यूटीएस त्या लिटरांना जुळतील असे स्पीकर निवडा. बॉक्सला जुळवून स्पीकर, इथे क्रम उलटा असतो. भोक ३५२ मिमीच्या आसपास असेल. नवा स्पीकर त्याहून लहान भोक मागत असेल तर १२ मिमी प्लायची रिंग आतून चिकटवा. तळाची कड उधईने पोखरली आहे का ते सुई टोचून पाहा. सुई सहज गेली तर तो बॉक्स सोडा, नवा स्पीकर त्यात वाया घालवू नका.

चारही बॉक्स एकाच वेळी घ्या, एकाच मॉडेलचे. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २ ओहम. बहुतेक ॲम्प्लिफायर २ ओहमवर मध्यरात्रीच्या आत गरम होऊन बंद पडतात. एका चॅनेलला दोन, दुसऱ्याला दोन अशी विभागणी ठेवा.

नाटकात संवाद महत्त्वाचा, म्हणून हे चार बॉक्स १०० हर्ट्झच्या खाली गाण्या-संगीतासाठी ठेवा आणि संवादाला रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना १२ इंची टॉप (उंचावर ठेवायचे हॉर्नवाले बॉक्स) लावा, हॉर्न बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यावर राहील इतक्या उंचीवर. मागे ३० मीटरवर आणखी एक जोडी लावत असाल तर तिला मिक्सर किंवा प्रोसेसरवर ८८ मिलिसेकंदांचा उशीर द्या. हवेत आवाजाला तेवढे अंतर कापायला तेवढा वेळ लागतो. उशीर दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येईल.

वेळेबाबत: नियमातच राज्य शासनाला सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ ची सूट देता येते. कोणते दिवस ते जाहीर होतात. तुमच्या प्रयोगाची तारीख त्यात बसते का हे तहसील आणि पोलीस ठाण्यात बुकिंग घेण्याआधी विचारा, आणि परवानगीचा कागद साउंडवाल्याच्या टेबलावर ठेवा.